मोठ्या जातीचे कुत्रे व गोचिडीचा ताप

कुत्र्याने भाकर खाल्ली म्हणजे ते बरे झाले, अशी समजूत आमच्या खानदेशात घरोघर आढळते. आमचीही तीच होती, आणि ती आम्हांस फार महाग पडली.

आमच्या घरी ३५ किलो वजनाचा एक अल्सेशियन होता. एका उन्हाळ्यात त्याने अन्न सोडले व अंगात ताप भरला. कानामागे गोचिडी होत्याच. पशुवैद्यांनी रक्त तपासून डॉक्सिसायक्लीन हे औषध २८ दिवस देण्यास सांगितले. चौथ्या दिवशी तो शेपटी हलवीत दारापर्यंत आला. आठव्या दिवशी आम्ही गोळ्या बंद केल्या. पुढे काही महिन्यांनी त्याच्या नाकातून रक्त वाहू लागले. पुन्हा उपचार केले, परंतु तो वाचला नाही.

असे का व्हावे? या तापाचे जंतू, ज्यांस एर्लिकिया म्हणतात, ते रक्तातील पांढऱ्या पेशींच्या आत राहतात. अल्जीरियात १९३५ साली फ्रेंच संशोधकांनी ते प्रथम वर्णिले. औषध सुरू होताच ताप उतरतो, पण काही जंतू दडून राहतात. रोग जुनाट झाला म्हणजे हाडांतील मज्जा दुबळी होते, रक्त गोठविणाऱ्या कणिका घटतात व रक्तस्राव होतो. अल्सेशियन जातीत हा प्रकार विशेष उग्र असतो.

विलायती पुस्तकांत लाइम नावाच्या रोगाचे वर्णन असते. अमेरिकेतील ज्या गावावरून त्यास हे नाव पडले, तेथे तो १९७५ च्या सुमारास ध्यानात आला. त्याच्या गोचिडी थंड, ओलसर रानातल्या. आपल्याकडील तपकिरी गोचीड निराळी. ती भिंतीच्या फटींत सुखाने राहते, म्हणून जळगावचा उन्हाळा तिला बाधत नाही. दोन्ही रोगांवर औषध मात्र हेच चालते.

मात्रा वजनावर ठरते: साधारणतः दर किलोस दिवसाकाठी १० मिलिग्रॅम. म्हणजे १०० मिलिग्रॅमची जी गोळी शेजारच्या १० किलोच्या कुत्र्यास पुरली, ती आमच्या कुत्र्यास एक तृतीयांशही नव्हे. त्यास ३५० मिलिग्रॅम हवे. यास्तव मोठे कुत्रे अंदाजाने नव्हे, काट्यावर तोलावे. गोळी अन्नासोबत देऊन वर पाणी पाजावे, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. दुधातून देऊ नये.

मात्र रक्त तपासल्यावाचून हेही करू नये. बबेसिया नावाचे दुसरे जंतू तांबड्या पेशींत शिरतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळसर होते. गोचिडीनेच येणारा हा रोग, पण त्यास औषध वेगळे. माणसांच्या तापाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्यास विषासारखे आहे.

अंगावर रॉकेल चोळण्याची रीतही सोडावी. कातडी भाजते व कुत्रे ते चाटते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. एक मादी हजारांवर अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत व गोणपाटाखाली. तेव्हा कुत्र्यास औषध देत असताना त्याची निजण्याची जागाही झाडावी, गोणपाट कढत पाण्यात घालावे व भेगा लिंपाव्यात. आम्ही भेगा लिंपल्या त्या मागाहून, नवे पिल्लू घरी आणण्याच्या आदल्या आठवड्यात.