गाजरगवत : उपटण्याआधी थोडे थांबा

पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की घराच्या परसात, कुंपणाच्या कडेला आणि शाळेच्या मैदानावर गाजरगवताची रोपे दिसू लागतात. मग श्रमदान ठरते आणि मुले उघड्या हातांनी ती उपटू लागतात. हेतू चांगला, पण पद्धत धोक्याची. ती कशी, ते पाहू.

नावात गवत असले तरी ही वनस्पती सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली आहे. मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. पुण्यात १९५५ साली तिची नोंद झाली आणि पुढच्या काही दशकांत ती देशभर पसरली.

तिच्या पानाखोडांवरील सूक्ष्म केसांत पार्थेनिन नावाचे रसायन असते. त्याचे रेणू कातडीतील प्रथिनांना चिकटतात. शरीराची संरक्षक यंत्रणा या जोडीला परकी समजते आणि तिची ओळख लक्षात ठेवते. ही ओळख होत असताना बाहेर काहीच दिसत नाही. म्हणूनच ‘मी दरवर्षी उपटतो, मला काही होत नाही’ हा अनुभव फसवा असतो. एकदा ओळख पक्की झाली की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. एकदोन दिवसांत खाज सुटते, पुरळ उठते. वाळलेल्या झाडांची धूळ हवेतून पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत बसते व तेथेही त्रास होतो. काहींना मग शेवंतीही सोसत नाही.

तेव्हा हे काम मोठ्यांनीच करावे. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातात रबरी मोजे आणि नाकावर रुमाल हवा. मोजे नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत, कपडेही वेगळे धुवावेत. ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी लांब राहावे.

वेळही महत्त्वाची. पावसाने माती ओली असताना सोटमूळ अखंड निघते. नुसते वरून कापले तर बुंध्याला पुन्हा फूट येते. फुले येण्यापूर्वी उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट करता येते. फुले आलेली झाडे मात्र खोल खड्ड्यात पुरावीत. ते बारीक बी इतक्या खोलवरून वर येऊ शकत नाही. जाळू नये, कारण धूर व धूळ डोळ्यानाकात जाते. मिठाचे तीव्र द्रावण फवारल्याने झाड मरते, पण परसातली मातीही बिघडते.

एवढे करून जमीन मोकळी सोडली, तर मातीतले जुने बी पुन्हा उगवणारच. म्हणून तेथे टाकळा ऊर्फ तरोटा पेरावा. तो दाट वाढून गाजरगवताला जागा देत नाही, शिवाय त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. पानांवर तपकिरी रेघांचे, मळकट पांढरे, छोटे भुंगेरे दिसले तर ते मारू नयेत. ते मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगलोर येथे सोडलेले मेक्सिकन भुंगेरे असू शकतात. गाजरगवताची पाने हेच त्यांचे अन्न.

मग विद्यार्थ्यांनी काय करावे? गणित. गाजरगवताच्या एका पांढऱ्या फुलात, म्हणजे खरे तर फुलोऱ्यात, जास्तीत जास्त पाच बिया धरतात. हात न लावता एका फांदीवरची फुले मोजावीत, फांद्यांच्या संख्येने गुणावे, मग पाचाने. मोठ्या झाडाचे उत्तर हजारांत येईल. फुले येण्यापूर्वीचा एक दिवस किती मोलाचा, हे त्या आकड्यावरून मुलांना आपोआप कळेल.