टेप आहे, मग डीव्हीडी का नाही?
मुंबई दूरदर्शनचे ‘छायागीत’ किंवा तसे जुने गाण्यांचे कार्यक्रम विकत का मिळत नाहीत? टेप वाहिनीकडेच आहे, मग हा निव्वळ आळस, असा सर्वसाधारण समज. आळस थोडाफार असेलही, पण खरे अडते ते स्वामित्वहक्कापाशी (कलाकृतीवरील कायदेशीर मालकी).

सामायिक सातबाऱ्याची जमीन कसतो एक, पण विकायची तर साऱ्या वारसांच्या सह्या लागतात. गाण्याचेही तसेच. एकाच गाण्यावर चित्रपट, ध्वनिमुद्रण, शब्द आणि चाल असे चार वेगळे हक्क असतात. प्रक्षेपणाची परवानगी मिळाली म्हणून विक्रीची मिळत नाही.

मुदतीही निरनिराळ्या. 1957 च्या कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षे, तर शब्द-चालीवरचा कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. ‘शोले’ (1975) चित्रपट म्हणून 2035 अखेर मोकळा होईल. राहुल देव बर्मन (निधन 1994) यांच्या चाली 2054 अखेर, आनंद बक्षी (निधन 2002) यांचे शब्द 2062 अखेर. अर्ध्या तासाच्या भागात अशी पाच-सहा गाणी!

कधी तर टेपच उरलेली नसते. बीबीसीने 1964 मध्ये सुरू केलेल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे सुरुवातीचे बहुतेक भाग पुसले गेले.