पीक कापणीला हेच शेत का?

सुगीत पीक कापणी प्रयोगाला गेलं की बांधावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साहेब, पलीकडचं खुरटलेलं रान सोडून हे भरलेलं शेत कशाला धरलं? आता विमा मिळायचा कसा?" शेतकरी बंधूंनो, शेत साहेब निवडत नाहीत, सरपंचही नाहीत. निवडतो तो एक आकडा.

समजा गावात १२० गट आहेत आणि तक्त्यातला आकडा आला ३८७. त्याला १२० ने भागलं की बाकी २७ उरते, म्हणून गट नंबर २७. त्यात ते पीक नसेल तर पुढचा गट पाहायचा. शेतात गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यातून किती पावलं आत जायचं तेही आकड्यानेच ठरतं. तिथे पिकानुसार ५ बाय ५ किंवा १० बाय ५ मीटरचा प्लॉट दोरीने आखायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? माणसाची नजर लबाड असते म्हणून. वाईट हेतू नसला तरी पाय रस्त्याकडेच्या, सोयीच्या शेताकडे वळतात. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत आपले डॉ. पां. वा. सुखात्मे प्रमुख. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुधचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. उत्तरायुष्यही पुण्यातच गेलं. प्लॉट फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं. कारण साधं आहे. कडेवरचं ताट आत की बाहेर, अशी शंका आली की हात ते आतच ओढतो. लहान प्लॉटला क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त.

आता कुणी विचारील, हा आकडा तरी खरोखर कुणाला न कळणारा असतो का? इंग्लंडच्या टिपेट यांनी १९२७ साली असा पहिला तक्ता छापला. त्यातले ४१,६०० अंक जनगणनेच्या अहवालांतून उचललेले होते. छापलेलं पुस्तक ज्याच्या हाती, त्याला पुढचा अंक दिसतोच. संगणकही बहुधा सूत्रानेच आकडे काढतो. सूत्र आणि सुरुवातीचा आकडा माहीत असेल तर पुढचे सगळे सांगता येतात. किरणोत्सारी अणू नेमका कधी फुटेल हे मात्र आधी सांगता येत नाही, असं भौतिकशास्त्र म्हणतं. आपल्या कामाला एवढं खोल जायची गरज नाही. निवडणाऱ्याला, शेतकऱ्याला आणि विमा कंपनीला आकडा आधी ठाऊक नसावा, आणि एकदा निघाला की कुणाला बदलता येऊ नये, एवढं पुरे. "तिथे चिखल आहे, जरा अलीकडे घेऊ या" म्हटलं की सगळं मुसळ केरात!

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आकडा पक्षपात करत नाही, म्हणून तो प्रत्येक वेळी बरोबर चित्र देतो असं नव्हे. मंडळातल्या चार गावांत गारपीट झाली आणि आकड्यांनी नेमकी न झोडपलेली शेतं उचलली, तर सरासरी चढते आणि झोडपलेल्यांची भरपाई बुडते. हे कुणाचं कारस्थान नसतं. प्रयोग थोडे असले की असं घडायचंच. दहाच्या जागी वीस घेतले तर ही शक्यता कमी होते. तेव्हा भांडायचंच असेल तर प्रयोगांची संख्या वाढवा म्हणून भांडा. प्लॉट बदलून मागू नका.

गाव समितीतल्या सरपंच, पोलीस पाटील, तलाठी मंडळींनी (पदनामं बदलली तरी लोक तलाठीच म्हणतात) कापणीला स्वतः हजर राहावं. दोरी टाकण्याआधी निवडीचा कागद मागून गट नंबर आणि पावलं ताडून पाहावीत. मळणी तिथेच व्हावी, आणि वजन सर्वांसमोर नोंदल्यावरच सही करावी. कोऱ्या तक्त्यावर सही कुणीही देऊ नये.