सहा गुंठ्यांचे मैदान

सावंतवाडी तालुक्यातले आमचे आरोंदा गाव तेरेखोल नदीच्या काठी वसलेले आहे. पूल ओलांडला की पलीकडे गोव्यातले किरणपाणी. भाताची कापणी आणि झोडणी आटोपली, की नदीलगतचे काही मळे मोकळे होतात. ज्यांना वायंगणी पीक घ्यायचे असते ते पाणी अडवून पुन्हा नांगर धरतात. उरलेल्या मळ्यांत मात्र बांबूचे दोन-दोन खांब उभे राहतात आणि रोज संध्याकाळी फुटबॉल सुरू होतो. गोव्याने २०१२ साली फुटबॉल हा आपला राज्य-खेळ म्हणून जाहीर केला. राज्याची हद्द नदीपाशी संपत असली, तरी खेळाचा नाद नदी ओलांडून अलीकडे आलेलाच आहे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका संध्याकाळी मी बांधावर बसून खेळ पाहत होतो. मळ्यात वीस-बावीस मुले होती. त्यांत सातवीत शिकणारी माझी पुतणीही होती. खेळ संपल्यावर मी तिला विचारले, "किती वेळा चेंडू पायाला लागला गं?" तिने बोटे मोजली आणि म्हणाली, "दोनदा लागलो. आणि एकदा भायर गेलो, तो हाडून दिलंय."

मला माझे शाळेतले दिवस आठवले. मीही एका शालेय स्पर्धेत डाव्या बाजूचा बचाव सांभाळत होतो. तासाभराच्या सामन्यात चेंडू माझ्याकडे आला तो जेमतेम चार-पाच वेळा, आणि त्यातही तीनदा मी चुकलो. पुढच्या सामन्यात मला वगळले. कारण सांगितले, "याला चेंडू खेळवता येत नाही." ते खरेच होते. पण ज्याच्याकडे चेंडू येतच नाही, त्याला तो खेळवता येणार कसा?

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या पुस्तकाआधी गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडते. ते कसे, हे आपण पाहू या.

एक साधा भागाकार

मोठ्या सामन्यांसाठी फुटबॉलचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे क्षेत्रफळ झाले ७,१४० चौरस मीटर. खेळाडू बावीस. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. एवढ्या जागेत शाळेचे सहा-सात वर्ग मावतील!

आता वेळेचा भागाकार करू. समजा, एका तासाच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात ४० मिनिटे आहे, आणि तो सर्वांना अगदी सारखा वाटून दिला आहे. तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० भागिले २२, म्हणजे दोन मिनिटांहूनही कमी वेळ येतो. प्रत्यक्षात वाटणी कधीच सारखी होत नाही. जो अंगाने थोराड आणि पायाने वेगवान, त्याच्याकडे चेंडू जास्त वेळ राहतो. जो लहानखुरा आहे, त्याला दोन मिनिटेही मिळत नाहीत.

याच मुलांचे चार-चारांचे संघ केले तर? ४० भागिले ८, म्हणजे पाच मिनिटे. चेंडू तोच, वेळ तीच, पण वाटा जवळजवळ तिप्पट झाला.

कोणी म्हणेल, हा झाला कागदावरचा हिशेब. पण हा प्रयोग मैदानावरही झालेला आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या क्लबाने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत नऊ वर्षांखालील मुलांचे सामने दोन प्रकारे खेळवून त्यांची तुलना केली. एका प्रकारात संघ आठ-आठ जणांचे होते, दुसऱ्यात चार-चार जणांचे. चार-चार जणांच्या खेळात मुलांनी एकमेकांना दिलेल्या पासांची संख्या १३५ टक्क्यांनी, गोलच्या दिशेने मारलेल्या फटक्यांची संख्या २६० टक्क्यांनी आणि झालेल्या गोलांची संख्या ५०० टक्क्यांनी वाढली. एकास एक अशी झुंज देण्याचे प्रसंग २२५ टक्क्यांनी वाढले. मुले तीच होती, फक्त गर्दी कमी केली होती.

गॅलिलिओचा नियम आणि क्रमांक पाचचा चेंडू

१६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात गॅलिलिओने एक महत्त्वाची गोष्ट मांडली. आकार बदलला की सर्व गोष्टी सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. लांबी निम्मी झाली तर क्षेत्रफळ पाव होते आणि घनफळ एक-अष्टमांश होते.

पाचवी-सहावीतल्या मुलाची उंची प्रौढ खेळाडूच्या साधारण पाऊणपट असते. मग त्याच्या स्नायूंची जाडी, म्हणजे आडवा छेद, पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक भरतो. स्नायूचे बळ या छेदावर अवलंबून असते. वजन तर पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे निम्म्याहूनही कमी. प्रौढ खेळाडू ७० किलोचा असेल, तर हा मुलगा ३० किलोचा.

आता या मुलापुढे आपण कोणता चेंडू ठेवतो? क्रमांक पाचचा, ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. शरीराच्या वजनाशी तुलना केली तर प्रौढ खेळाडूने एक किलोचा चेंडू लाथाडावा, तशी ही गोष्ट झाली! म्हणूनच लहानांसाठी क्रमांक चारचा, सुमारे ३५० ते ३९० ग्रॅमचा, आणि त्याहून लहानांसाठी क्रमांक तीनचा हलका चेंडू असतो. दुकानदार देईल तो चेंडू घेण्याऐवजी त्यावरचा क्रमांक पाहून घ्यावा.

गोलचेही तसेच. नियमाप्रमाणे गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. दहा वर्षांच्या मुलाने हात उंच केले, तरी वरची दांडी हाताच्या पुष्कळच वर राहते. डोक्यावरून मारलेला चेंडू तो अडवू शकत नाही. दोष त्याच्या कौशल्याचा नाही, दांडीच्या उंचीचा आहे. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या गोलचे माप ३.६६ मीटर बाय १.८३ मीटर ठेवतात, म्हणजे रुंदी बरोबर निम्मी आणि उंची बरोबर पाऊणपट.

पण नुसते माप कमी करून भागत नाही, संख्याही कमी करावी लागते. बावीस खेळाडूंमध्ये दोघा-दोघांच्या जोड्या किती होतात? २२ गुणिले २१ भागिले २, म्हणजे २३१. आठ खेळाडूंमध्ये फक्त २८. खेळताना मुलाला सोबत्यांच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या जागा पाहून क्षणात निर्णय घ्यायचा असतो. सूर्य आणि पृथ्वी एवढ्या दोघांचाच विचार केला तर त्यांच्या गतीचे गणित सुटसुटीत सुटते. त्यात चंद्र आला की मोठमोठ्या गणितज्ञांनाही घाम फुटतो. मग अकरा वर्षांच्या मुलापुढे एकदम बावीस जणांचा प्रश्न टाकून कसे चालेल?

बर्फाचे बेट आणि पावसाचा किनारा

कमी जागेत, कमी खेळाडूंनी फुटबॉल खेळण्याची कल्पना नवी नाही. १९३० साली दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात, मोंतेविदेओ शहरी, वाय.एम.सी.ए. संस्थेतील शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी बास्केटबॉलच्या मैदानावर पाच-पाच जणांचा फुटबॉल बसवला. त्याच वर्षी याच शहरात पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि उरुग्वेने ती जिंकली. सेरियानींच्या त्या खेळालाच आज आपण फुटसाल म्हणतो.

आपल्याला अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण आइसलँडचे. या देशाची लोकसंख्या २०१८ साली साडेतीन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या जवळ आहे! आइसलँडमध्ये हिवाळाभर बर्फ आणि वारा. खेळायचे दिवस थोडे. सन २००० पासून त्यांनी छप्पर असलेली मोठी मैदाने बांधली, आणि शाळांच्या शेजारी शंभराहून अधिक लहान मैदाने तयार केली. मधल्या सुट्टीत मूल वर्गातून निघाले की थेट मैदानात. शिवाय लहानांना शिकवण्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलेले शिक्षक नेमले. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत या चिमुकल्या देशाने इंग्लंडला २-१ असे हरवले, आणि २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असे रोखले.

त्यांना बर्फ आडवा येतो, तसा आपल्याला पाऊस. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि मैदान तेव्हाच पाण्याखाली जाते. म्हणून आपल्याकडे सुधारणेचा विचार करताना खेळाबरोबर मैदानाचाही करायला हवा. आपल्या देशातही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली लहान मुलामुलींसाठी 'गोल्डन बेबी लीग' हा उपक्रम सुरू केला. त्यात छोटे संघ, छोटी मैदाने आणि मुलगे-मुली एकत्र, अशीच पद्धत होती.

सहा गुंठे पुरेत

शिक्षक म्हणतात, "आमच्याकडे मैदानाएवढी सपाट जागाच नाही." हे खरे आहे. ७,१४० चौरस मीटर म्हणजे सुमारे ७१ गुंठे. कोकणातल्या चढउतारावर एवढी सलग सपाटी दुर्मिळच. पण चार-चारांच्या खेळाला ३० मीटर बाय २० मीटर जागा पुरते. ती होते ६०० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सहा गुंठे. ज्या शाळेकडे पूर्ण मैदान आहे, तिथे लांबीचे चार आणि रुंदीचे दोन भाग केले, तर मध्ये मोकळी वाट सोडूनही आठ छोटी मैदाने बसतात. एका वेळी बावीसऐवजी चौसष्ट मुले खेळतील.

जागा लहान असली की ती नीट राखणेही सोपे जाते. आपल्या सड्यावरची जमीन जांभ्याची. वर सुटे खडे, खाली कठीण दगड. पडले की गुडघा सोलतो, म्हणून मुले पडायला भितात, आणि पडायला भिणारा गोलरक्षक झेप घेत नाही. सहा गुंठ्यांतले खडे एका वर्गाची मुले श्रमदानाने वेचू शकतात. त्यावर मातीचा थर देऊन रूळ फिरवावा, आणि मधला भाग किंचित उंच ठेवावा. रुंदी २० मीटर असेल तर मध्यापासून कडेपर्यंत दहा सेंटिमीटरांचा उतार, म्हणजे शंभराला एक, पुरतो. कडेने चर खणला की पाणी निघून जाते.

गोलसाठी पोफळीचे वासे आणि जुने मासेमारीचे जाळे चालेल. मात्र खांब जमिनीत घट्ट गाडलेले असावेत. हलवता येणारे लोखंडी गोल मागच्या बाजूने वजन ठेवून बांधावेत, आणि त्यांना कोणीही लोंबकळू नये. गोल अंगावर पडून मुले दगावल्याच्या घटना जगात अनेक ठिकाणी घडल्या आहेत.

आता एक प्रयोग करा. दोन मीटर उंचीवरून चेंडू हळूच सोडा आणि पहिली उसळी किती उंच जाते ते पट्टीने मोजा. कृत्रिम गवताच्या वरच्या दर्जाच्या मैदानांसाठी 'फिफा'च्या कसोटीत ही उसळी ६० ते ८५ सेंटिमीटर असावी लागते. आपल्या मैदानावर दहा ठिकाणी हे माप घ्या. उसळी सगळीकडे जास्त आली, तर जमीन फार कठीण आहे असे समजा. पण एका ठिकाणी ६० आणि दुसऱ्या ठिकाणी १२० आली, तर ते अधिक वाईट. कारण चेंडू कसा येईल याचा अंदाज मुलाला कधीच बांधता येणार नाही. उसळीची उंची भागिले दोन मीटर, याचे वर्गमूळ काढले की आदळण्यापूर्वीच्या वेगाचा कितवा हिस्सा चेंडूने राखला, तेही कळेल. हवेत भरण कमी झाले तरी उसळी बदलते, म्हणून प्रत्येक वेळी चेंडू तोच आणि तितकाच फुगवलेला असावा.

एक रास्त शंका

"पण खरा सामना अकरांचाच असतो ना?" अशी शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. लांब पास, ऑफसाइडचा नियम, मोठ्या मैदानावरची धाव या गोष्टी छोट्या खेळात शिकता येत नाहीत. म्हणून पायऱ्या हव्यात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१२ साली तशा पायऱ्या ठरवल्या: आठ वर्षांखालील मुलांसाठी पाच-पाच, दहा वर्षांखालील सात-सात, बारा वर्षांखालील नऊ-नऊ, आणि त्यानंतर अकरा-अकरा. आपण मुलांना आधी पाढे शिकवतो आणि मग बीजगणित. तसाच हा क्रम आहे.

आमच्या मळ्यात आम्ही पुढच्या आठवड्यात काथ्याच्या दोऱ्या टाकून तीन छोटी मैदाने आखली. पहिल्या दिवशी भांडणेच झाली. मोठ्या मुलांना आपले मैदान गेल्यासारखे वाटले. त्यांना शनिवारी मोठा सामना देण्याचे कबूल केले तेव्हा कुठे ती शांत झाली. पुतणीला मी संध्याकाळी तोच प्रश्न विचारला. तिने बोटे मोजायला सुरुवात केली, आणि दोन्ही हात संपल्यावर सोडून दिली.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही हे मोजून पाहा. एक वही घ्या. सामना चालू असताना सर्वांत लहानखुऱ्या मुलाला किंवा मुलीला किती वेळा चेंडू मिळतो, याच्या खुणा करा. मग संघ चार-चारांचे करून पुन्हा तेवढाच वेळ मोजा. दोन्ही आकडे खेळाच्या शिक्षकांना दाखवा, आणि सहा गुंठे जागा कुठे मिळेल ते त्यांच्याबरोबर टेप घेऊन शोधा.