आंखूड नळीची रायफल आणि कोलमडणारी गोळी

नेमबाजीच्या मैदानावर आंखूड नळीची रायफल झाडावी आणि निशाणाचा कागद जवळ जाऊन पाहावा, तों भोंक वाटोळें नसून लांबट पडलेलें आढळावें, असें कधीं कधीं घडतें. गोळी टोंकानें न शिरतां आडवी होऊन लागली, हा त्याचा अर्थ. अशी गोळी कोठें जाईल याचा भरंवसा नसतो. म्हणून ही बाब केवळ नेम चुकण्याची नव्हे, सुरक्षिततेचीहि आहे. दोष मात्र बहुधा आंखूड नळीला दिला जातो, आणि तो बहुधा अन्यायाचा असतो.

विटी उडाली कीं हवेंत कोलांट्या खाते. भोवरा फिरत आहे तोंवर आरेवर उभा राहतो. लांबट गोळी ही मुळांत विटीच होय. हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढें पडून तिला उलथूं पाहतो. तिचा भोवरा व्हावा म्हणून नळीच्या आंत मळसूत्री चर पाडलेले असतात. चराचा एक वेढा जितक्या इंचांत पुरा होतो, त्यास आपण पीळ म्हणूं.

किती पीळ पुरे, याचा एक सोपा नियम सन १८७९ मध्यें जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञानें दिला. गोळीची लांबी व्यासाच्या जितकी पट असेल, तितक्यानें १५० ला भागावें. येईल तितक्या व्यासांच्या अंतरांत एक वेढा हवा. ०.२२४ इंच व्यासाची, चौपट लांब गोळी घेतली, तर हें अंतर सुमारें ८.४ इंच येतें. या हिशेबांत नळीच्या लांबीचें नांवहि नाहीं. नळी आंखूड झाली कीं वेग घटतो व गिरकीहि त्याच प्रमाणांत घटते. परंतु गोळीला उलथणारा हवेचा जोरहि त्याबरोबर उतरतो. त्यामुळें तोल जवळजवळ तोच राहतो. वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला म्हणजे मात्र तोल बिघडूं शकतो, आणि आंखूड नळीची गोळी त्या टप्प्यास लवकर पोंचते, एवढेंच.

अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचा इतिहास याची साक्ष देतो. आरंभीं तिचा पीळ १४ इंचांत एक वेढा असा होता. कडाक्याच्या थंडींत हवा दाट होते. तेथें तो अपुरा ठरला, म्हणून १९६३ मध्यें तो १२ इंचांवर आणला. पुढें १९८० मध्यें नाटो राष्ट्रांनीं अधिक लांब गोळी स्वीकारली, ती १२ इंचांच्या पिळांत तोल सांभाळीना. एम-१६ ए-२ ला म्हणून ७ इंचांचा पीळ दिला. १९९४ मध्यें सेवेंत आलेल्या एम-४ कार्बाइनची नळी २० इंचांवरून साडेचौदा इंचांवर आली, पीळ ७ इंचांचाच राहिला, आणि तीच गोळी नीट जाऊं लागली.

तेव्हां दोष शोधावयाचा तो क्रमानें. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीच्या तोंडावर बसविलेलें उपकरण पाहावें. त्याच्या आंत गोळी घासल्याची खूण दिसली, तर पुढें एकहि बार न काढतां बंदूक जाणत्या कारागिराकडे न्यावी. उपकरण निर्दोष असेल, तर नळीच्या तोंडाची कड तपासावी. तेथें टवका उडाला असल्यास वायु एका अंगानें आधीं निसटतो व गोळीला कलंडवितो. मग चर झिजले आहेत काय, तांब्याशिशाचा थर त्यांत बसला आहे काय, गोळी व्यासानें बारीक तर नाहीं ना, हें पाहावें. एवढें झाल्यावर त्याच बंदुकीस योग्य अशीं, पण आंखूड गोळीचीं काडतुसें झाडून पाहावींत. भोंकें वाटोळीं पडूं लागलीं, तर लांब गोळीला पीळ पुरत नव्हता हें निश्चित झालें.

कापलेली नळी पुन्हां वाढत नाहीं. काडतूस मात्र बदलतां येतें. नळीला नांवें ठेवण्यापूर्वीं गोळीची लांबी मोजावी, हें बरें.