बिल संगणकावर निघते, पैसे मात्र टेबलावर थांबतात

बंगळूरुच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग आज माहिती तंत्रज्ञानाच्या काचेरी इमारतींमुळे ओळखला जातो. २००७ साली बृहत् बंगळूरु महानगरपालिकेत विलीन होण्यापूर्वी येथे स्वतंत्र नगरपालिका होती. लेथ व मिलिंग यंत्रांवर सुटे भाग घडविणारे लघुउद्योगही याच परिसरात आहेत. जगभरच्या कंपन्यांचे कामकाज सुरळीत करून देणाऱ्या कचेऱ्यांच्या शेजारीच आपल्या बिलाच्या पैशांची वाट पाहत बसलेला कारखानदार आढळावा, ही मोठी विसंगती होय.

अशा एखाद्या कारखानदाराचे उदाहरण घेऊ. पूर्वी त्याचा कारकून हाताने बिल लिहीत असे. आता ते संगणकावर पाच मिनिटांत तयार होते. तरीही पैसे येण्यास तीन महिने लागतात. बिलाचा प्रवास पाहिला म्हणजे याचे कारण कळते. माल पोहोचतो, चलनावर शिक्का बसतो, तपासणी होते, भांडारपाल पोचनोंद करतो, खरेदी विभाग दर पडताळतो आणि मग कागद लेखा विभागात जातो. प्रत्यक्ष काम काही तासांचे. उरलेला काळ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याचा. प्रत्येक टेबलावर संगणक ठेवला तर ते काही तास कमी होतील, थांबणे तसेच राहील.

मायकेल हॅमर यांनी १९९० साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात नेमके हेच मांडले. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या देयक विभागात पूर्वी पाचशेहून अधिक माणसे होती. संगणकीकरणाने ही संख्या चारशेवर येईल, असा कंपनीचा हिशेब होता. पुढे माझ्दा कंपनीत हे काम पाच जण करतात असे दिसले. माझ्दा लहान कंपनी होती हे खरे, पण म्हणून एवढी तफावत? फोर्डने मग बिलच काढून टाकले. खरेदी आदेश सामाईक नोंदीत ठेवायचा, माल दाराशी येताच त्याच्याशी ताडून पाहायचा आणि जुळला की पैसे द्यायचे. मनुष्यबळ पंचाहत्तर टक्क्यांनी घटले. माणसे घटली यापेक्षा कागद जुळविण्याचे कामच उरले नाही, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

बँकांनाही हा धडा धनादेशाने शिकविला. ऐंशीच्या दशकात आलेल्या एमआयसीआर पट्टीमुळे धनादेशांची छाननी यंत्राने होऊ लागली. धनादेश मात्र थैलीतून समाशोधनगृहापर्यंत जातच राहिला. फेब्रुवारी २००८ मध्ये नवी दिल्लीत चेक ट्रंकेशन पद्धत सुरू झाली, तेव्हा कागद जागीच थांबला आणि त्याची प्रतिमा पुढे जाऊ लागली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून गठ्ठ्यांची वाट न पाहता दिवसभर अखंड समाशोधन होते.

लघुउद्योजकांच्या बिलांसाठी असाच मार्ग ट्रेड्स या व्यवस्थेने २०१७ पासून खुला केला आहे. विक्रेता बिल मंचावर ठेवतो, खरेदीदार ते मान्य करतो, बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात. विक्रेत्याला पैसे लवकर मिळतात. खरेदीदार मुदतीस बँकेला देतो. खरेदीदाराने पैसे चुकविले तरी विक्रेत्याकडे वसुली येत नाही. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत या मंचावर नोंदणी बंधनकारक करण्यात आली.

मात्र खरेदीदाराची मान्यता मिळेपर्यंत बोली लागत नाही. पोचनोंद रखडली तर ट्रेड्सही हतबल! सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे कमाल पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजले जातात. म्हणून स्वीकृतीची तारीख चलनावर लिहून घेणे हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आधीचे काम आहे.

नवा संगणक घेण्यासाठी कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी ग्राहकांनी आपली मागील दहा बिले काढावीत आणि प्रत्येकावर माल पोहोचल्याची, तपासणीची, मान्यतेची व पैसे जमा झाल्याची अशा चार तारखा मांडाव्यात. सर्वांत मोठे अंतर जेथे दिसेल, तेथील माणसाला प्रथम जाऊन भेटावे.