विश्लेषण : ‘लेट’ म्हणजे ‘जाऊ द्या’ की ‘अडवा’? पासपोर्टवरील शब्दाचा अर्थ काय?

भारतीय पासपोर्टच्या आतील पानावर राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावे, असे त्यात म्हटले आहे. शाळेत ‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’ असे शिकलेल्याला प्रश्न पडतो, परवानगीशिवाय जाऊ द्यायचे कसे?

एकाच शब्दाचे उलट अर्थ कसे?

मुळात ही दोन वेगळी क्रियापदे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘लॅटन’ म्हणजे सोडणे, होऊ देणे आणि ‘लेट्टन’ म्हणजे अडवणे, उशीर करणे. पुढे दोन्ही शब्दांची शेपटे गळाली आणि उच्चार एकच उरला, ‘लेट’. गाडी ‘लेट’ आहे असे आपण म्हणतो, तो शब्द ‘लेट्टन’च्याच नात्यातला.

गोंधळ कधी झाला?

१६११ मधील किंग जेम्स बायबलमध्ये संत पॉल रोमच्या लोकांना कळवतो, की तुमच्याकडे येण्याचे अनेकदा ठरवले, पण आजवर अडलो. तिथे क्रियापद ‘लेट’ आहे. ‘अडवणे’ हा अर्थ मागे पडल्यावर वाचकाला हे वाक्य नेमके उलटे कळू लागले. १८८१ च्या सुधारित नव्या करारात तो शब्द बदलावा लागला.

जुना अर्थ आज कुठे टिकला?

टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून योग्य चौकटीत पडला, की पंच ‘लेट’ म्हणतात. अनेकांना ते ‘नेट’ ऐकू येते. खेळात अडथळा आला, सर्व्हिस पुन्हा करा, असा त्याचा अर्थ. दुसरे ठिकाण कायद्याच्या भाषेचे. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून लिहिण्याची तिची जुनी सवय, आपल्या ‘अडीअडचणी’सारखी. ब्रिटिश पासपोर्टवरही हेच शब्द आहेत.

मग ओळखायचे कसे?

घरावरील ‘टू लेट’ पाटीत ‘लेट’ म्हणजे भाड्याने वापरू देणे. पण ‘विदाउट’नंतर तो आला, तर अर्थ अडथळा. करारनामा वाचताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. पासपोर्टबाबत शंका असेल, तर त्यावरील हिंदी मजकूर पाहावा. तिथे सरळ लिहिले आहे, ‘बिना रोक-टोक’.